गठुडेमामांचा डावा हात

१

मी गठुडेमामांचा डावा हात होतो. उजवा हात, डोकं, आवाज आणि अक्कल ही सगळी आमच्या हिची. माझ्या वाट्याला नुसता डावा पंजा. तरी जन्मभर मी लोकांना सांगत आलो की गठुडेमामा म्हणजे मीच, आणि लोकांना ते पटत आलं. माझं पोट मामांसारखंच, त्यामुळं.

तुम्ही त्या वयाचे असाल तर मामा आठवतील. हातांवर चढवायचा मोठा बाहुला: आतून स्पंज, वरून मातकट लोकर, नाकाच्या जागी दाराची गोल मूठ. अस्वल की बटाटा, यावरून पोरं एकमेकांची डोकी फोडायची. रविवारी सकाळी अर्धा तास टीव्हीवर यायचे, पत्रं वाचायचे, शिंकायचे, आणि शेवटी टेबलामागं उभं राहून डावा हात हलवत निरोपाचं गाणं म्हणायचे. मग घरोघरची पोरं टीव्हीला टाटा करायची. म्हणजे मला करायची. एवढा मान कुठल्या मंत्र्याला मिळाला असेल तर दाखवा.

आता आतली गोष्ट. टेबल पोकळ होतं. त्यात लाकडी फळीवर आम्ही नवरा-बायको उकिडवे बसायचो, कोंबड्यांसारखे. ही डावखुरी. तिचा डावा हात मामांच्या डोक्यात, उजवा हात मामांच्या उजव्या बाहीत. डाव्या बाहीत मी. म्हणून मी कायम तिच्या डावीकडं, तिला अगदी चिकटून. माझा उजवा हात रिकामा, तो तिच्या पाठीवर, तोल राहावा म्हणून. लग्न झालेलं होतं म्हणून चालून गेलं.

तिच्या कपाळाला माइक बांधलेला, त्यामुळं काम चालू असताना तिला आपलं स्वतःचं काही बोलता यायचं नाही. म्हणून खूण ठरवली होती. टाचेनं फळीवर दोन ठोके, म्हणजे थांबवा, मला होत नाही. बाहेर आमचे दिग्दर्शक साहेब ते ऐकून कॅमेरा बंद करायचे. साहेबांची मिशी मोठी आणि विनोदबुद्धी लहान. मला चहाची तलफ आली की मीच टाच आपटायचो. टक टक. 'बंद करा, बाईंना बरं नाही!' सात-आठ वेळा चहा मिळाला. मग एकदा साहेबांनी टेबलाची मागची फळी काढून मला रंगेहाथ पकडलं आणि फर्मान काढलं.

"आजपासून ठोके ऐकून मी थांबणार नाही. बाईंनी ठोके यांना द्यायचे. यांनी ऐकून मामांचा डावा हात खाली घ्यायचा. हात खाली गेला तरच मी कॅमेरा थांबवणार."

"म्हणजे माझ्यावर विश्वास आहे तर," मी म्हटलं.

"नाही. पण आता चुकलात तर खापर तुमच्या माथी."

ही हसली. घरी जाताना म्हणाली, "अहो, एक दिवस मी तुमची अशी फिरकी घेईन ना, की कधी घेतली तेसुद्धा कळायचं नाही तुम्हाला."

२

शाळेत मी सातवीत तीन वर्षं काढली. शेवटी मास्तरांची बदली झाली, मी तिथंच राहिलो. तेव्हा या लिहिण्यात चुका काढत बसू नका. जी खरी चूक आहे ती आता मी स्वतःच सांगतो.

बुधवारची दुपार होती. शेवटचं गाणं चाललं होतं. दुसऱ्या कडव्याला तिनं टाच आपटली. टक टक.

मला वाटलं, आली! फिरकी आली. मी हात खाली घेणार, साहेब ओरडणार, आणि ही म्हणणार, मी कुठं आपटली? मी काय दुधखुळा होतो? मी हात आणखी जोरात हलवला.

तिसऱ्या कडव्याचे शब्द तिनं म्हटलेच नाहीत, नुसतं गुणगुणली. साहेबांना ते फार आवडलं. गाणं संपेपर्यंत मामांचं डोकं ताठ होतं. कॅमेरा बंद झाला आणि ते माझ्या खांद्यावर आलं. आधी मामांचं, मग तिचं.

एकतीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि मग माझं तोंड बघून म्हणाले, "तसं सांगता येत नाही म्हणा."

सगळ्यांनी मला एकच विचारलं. ठोके दिले होते का? मी म्हटलं, नाही. हसत होती, गात होती, आणि गेली. साहेबांना हेच सांगितलं, सासूबाईंना हेच सांगितलं. आठ वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊनही हेच सांगितलं. लोकांना फसवण्यात माझा हातखंडा होता, त्यामुळं ते फारच चांगलं जमलं.

तो भाग टीव्हीवर लागला त्या रविवारी आमच्या टीव्हीवर चादर होती.

३

सात वर्षांनी मामांच्या कॅसेट निघाल्या. आमच्या रस्त्यावरच्या कॅसेटवाल्यानं हाक मारली. "ओ गठुडेमामा, तुमची तेरावी कॅसेट आली बघा. शेवटचा भाग आहे त्यात."

मी कॅसेट कोटात घालून घरी नेली. लेक शाळेत गेलेली. तिला आम्ही ठमी म्हणतो. नाव फार चांगलं आहे, पण तिला बघितलं की तुम्हीही ठमीच म्हणाल. दार लावलं, पडदे ओढले, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि पडद्याला नाक लावून बसलो.

दुसऱ्या कडव्याला काहीच नाही. वरून मोठी पेटी वाजत होती, झांजा वाजत होत्या. गाणं चालू असतानाच खालून वर नावं चढत होती, माझं चुकीचं लिहिलेलं. मी चार वेळा ऐकलं. ठोके नव्हते. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच खोलीभर नाचलो, आणि नाचता नाचता खाली बसून रडलो. ते कशासाठी, ते विचारू नका.

संध्याकाळी ठमीला लावून दाखवलं. ती पंधरा वर्षांची घोडी, पण टीव्हीपुढं मांडी घालून बसली.

"आई कुठंय, बाबा?"

"डोक्यात."

"दिसत नाही."

"उजवा हात बघ. तो सगळा तिचा आहे."

मामांचा उजवा हात बाजूला नुसता लोंबत होता. ठमीनं उठून त्याच्यावर काचेवरून आपला तळहात टेकवला आणि गाणं संपेस्तोवर तो काढला नाही.

४

पुढं कॅसेट गेल्या, चकत्या आल्या. ठमी लग्न होऊन तिच्या घरी गेली. ती रुग्णालयात लोकांचे कान तपासते. बंद खोलीत बसवायचं, बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की माणसानं हात नाहीतर बोट वर करायचं. तिच्या बापाचा उजवा कान मात्र एव्हाना भिंत झाला होता. "फुकट तपासते, या की," ती म्हणायची. मी म्हणायचो, "जो कान जन्मभर बायकोचं ऐकत आला तो थकणारच."

चकतीसुद्धा मी आधी एकट्यानं बघितली. सवय.

या वेळी गाण्यावर नावं नव्हती. झांजाही कुणीतरी कमी केल्या होत्या. दुसरं कडवं आलं, आणि टक टक.

ते निदान खरं होतं, घडलेलं होतं. पुढचं घडलेलं नव्हतं. मामांचा उजवा हात, तो लोंबणारा, हळूहळू पोटावरून पलीकडं आला आणि डाव्या मनगटावर येऊन बसला. माझ्या मनगटावर. डावा हात हलतच होता. उजवा त्याला धरून त्याच्याबरोबर हलत राहिला.

त्या दिवशी माझ्या मनगटावर कुणीही हात ठेवला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

कॅसेटवाला आता फोन दुरुस्त करत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "कॅसेटवर नावं चढवली होती ना हो. त्याखाली झाकलं गेलं असेल. वयही झालं तुमचं."

वय सोडून बाकी पटलं. घरी येऊन माळ्यावरनं जुनं यंत्र काढलं, कॅसेट घातली. नावांच्या अक्षरांमधून नीट बघितलं. उजवा हात बाजूला लोंबत होता. शेवटच्या टाटापर्यंत लोंबत होता. पुन्हा बघावं म्हणून मागं फिरवली, तर यंत्रानं फीत खाल्ली. आतडी बाहेर आल्यासारखी ती माझ्या मांडीवर पडली.

मी स्वतःला समजावलं. दोन कॅमेरे असतील. दोनदा चित्रण झालं असेल. आणि मग आठवलं, त्या गाण्याचं दुसऱ्यांदा चित्रण करायला कोण उरलं होतं?

चकती मी जुन्या बुटात घालून पलंगाखाली सरकवली. ठमीला सांगितलं, चालत नाही, ओरखडे आहेत.

५

यंदा सगळे भाग नव्यानं धुऊन-पुसून एका पेटीत आले. सोबत पत्र, की पुस्तिकेसाठी शेवटच्या भागाबद्दल चार शब्द लिहून द्या. माझं दुर्दैव, पत्र आणि पेटी ठमीच्या पत्त्यावर गेली. शनिवारी दुपारी तीन वाजता ती पेटी काखेत मारून हजर.

"बाबा, आज शेवटचा भाग बघायचा. आवाज अगदी स्वच्छ केलाय म्हणतात. आईचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"लाइट गेलीय," मी म्हटलं.

"पंखा फिरतोय."

"रिमोट सापडत नाही."

"चहाच्या डब्यात आहे. मी लहान होते तेव्हापासून तिथंच लपवता तुम्ही." तिनं रिमोट काढून पदराला पुसला, दोन कप चहा केला, आणि नेहमीसारखी माझ्या डावीकडं बसली. माझा चालू कान त्या बाजूला. "बसा आता गुपचूप. एक शब्द बोललात तर उद्यापासून तुमच्या डब्यातल्या भाजीत मीठ नाही."

बेचाळीस वर्षांची झालीय ती. आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. डोक्यात पांढरं दिसतं. चहाच्या कपावर वाकून ती बघत होती आणि मी मनात म्हणत होतो, हिचे कान. अख्ख्या गावात हिचे कान सगळ्यात चांगले, आणि तेच नेमके आज इथं.

गाणं सुरू झालं. चित्र इतकं लख्ख की मामांच्या लोकरीतली सुताची गाठसुद्धा दिसत होती, जी हिच्या आईनंच घातली होती. पहिलं कडवं गेलं. दुसरं लागलं. मला काही ऐकू आलं नाही. पण नजर पडद्यावर असताना कडेला मला दिसलं: सोफ्याच्या हातावरून एक बोट वर झालं. खाली गेलं. पुन्हा वर झालं.

दोन.

ठमीची कामाची सवय. आवाज आला की बोट वर. संपलं, मी म्हटलं. तिला ऐकू आलं.

पण बोट थांबलं नाही. पुन्हा दोनदा वर झालं. मग पुन्हा. मला तेव्हा दोनच ठोके आले होते. पुढं गाणं होतं, मी होतो, माझा जोर होता. बोट वर होत होतं, खाली जात होतं, मी मोजत होतो. चार. सहा. आठ. म्हणजे आमची ही टाच आपटत राहिली होती. गुणगुणताना आपटत राहिली होती.

पडद्यावर उजवा हात डाव्याला धरून खाली ओढत होता. डावा ऐकत नव्हता. आणि मग मामांनी मान खाली घातली. मामांना मान खाली घालता येत नसे. मानेत तशी शिवणच नव्हती, मी स्वतः बसवलेली मान ती. तरी ती वाकली, तिरकी झाली, आणि त्या मुठीच्या नाकावरून मामा टेबलाखाली बघायला लागले. डाव्या बाजूला. जिथं मी बसायचो तिथं.

"बाबा," ठमी म्हणाली, "हात खाली घ्या ना."

माझा डावा हात वर होता. पडद्याबरोबर हलत होता. किती वेळ, देव जाणे. खाली घ्यायला गेलो तर येईना. शेवटी ठमीनं तो धरला आणि भांडं उतरवावं तसा जपून माझ्या मांडीवर ठेवला.

पडद्यावरचा हातही खाली गेला, आणि चित्र तिथंच थांबलं.

६

मग मी सांगून टाकलं. थट्टा न करता असं एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"दिले होते तिनं ठोके. मला वाटलं, चेष्टा करतेय. माझा उजवा हात तिच्या पाठीवर होता, ठमे. पाठ थरथरत होती. मला वाटलं, हसतेय. हसू दाबतेय. म्हणून मीही हसत होतो."

चहावर साय आली होती.

"तुम्ही मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं," शेवटी ती म्हणाली, "की आई हसत होती. शाळेत कुणी विचारलं की मी तेच सांगायचे. माझी आई हसता हसता गेली. पोरींना माझा हेवा वाटायचा."

"मला तसंच वाटलं होतं."

"गाणं संपेपर्यंत वाटलं होतं. नंतर?"

मी माझ्या कपावरची साय फुंकून बाजूला केली.

"आजही सांगितलं नसतं," मी म्हटलं. "पण तुला ऐकू आले, लपवून काय करू? तू बोट वर करत होतीस. मला दोनच आले होते गं. तू आठ मोजलेस."

ठमीनं वळून माझ्याकडं बघितलं.

"मला एकही ठोका ऐकू आला नाही, बाबा. नुसता आईचा आवाज. आणि बोट कसलं? माझे दोन्ही हात कपाला होते."

होतेच. अजूनही होते. आणि ती माझ्या डावीकडं बसली होती.

बोट उजवीकडं होतं.

सोफ्याच्या त्या बाजूला कुणी बसत नाही. तिथं मी वर्तमानपत्रं ठेवतो. ती खाली पडली होती, आणि गादी मधोमध थोडी दबलेली होती. आम्ही बघत असतानाच ती हळूहळू वर आली.

एक दिवस अशी फिरकी घेईन, की कधी घेतली तेसुद्धा कळायचं नाही. चौतीस वर्षं थांबली होती ती. आणि काय घेतलीस गं. माझ्याच तोंडून सगळं वदवून घेतलंस, माझ्याच लेकीपुढं.

ठमीनं कप विसळले. दारात चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "सोमवारी अकरा वाजता या. कान तपासायला. फार दिवस टाळलंत."

आणि गेली. जाताना रोज डोक्यावर टपली मारते, ती मारली नाही.

७

कान तपासायची खोली म्हणजे माणूस मावेल एवढं कपाट. आतून काळा स्पंज, एक अरुंद बाक, समोर काच. काचेपलीकडं ठमी, पांढरा कोट घालून, यंत्रापुढं. डोळे सुजलेले. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि जड दार ओढून घेतलं. बाहेरचं जग बंद झालं. स्पंजाचा तो वास मला लगेच ओळखू आला.

"उजवा कान आधी," कानात तिचा आवाज आला, डावीकडून. "आवाज आला की हात वर. थांबला की खाली."

"कुठला हात?"

"कुठलाही. चेष्टा नको."

मी डावा तयार ठेवला. उजव्या कानात काहीच नव्हतं. जुनी, भरीव, भिंतीसारखी शांतता. मी वाट बघत राहिलो.

टक टक.

त्याच कानात. मेलेल्या कानात. आणि हेडफोनमधून नव्हे. खालून आल्यासारखं, बाकाच्या लाकडातून माझ्या मांडीला जाणवलं.

मी हात वर केला.

"बाबा," ठमी म्हणाली, "मी अजून काहीच सोडलेलं नाही."

टक टक.

हात वरच होता. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. सवयीनं आलं. उजव्या दंडाला काहीतरी उबदार टेकलं होतं आणि ते थरथरत होतं. चौतीस वर्षं मी ते हसणं आहे म्हणून सांगत आलो.

टक टक.

या वेळी मी हात खाली घेतला.

ठोके थांबले. दंडावरची थरथर थांबली. माझ्या कानाशी, त्या मेलेल्या कानाशी, कुणीतरी लांब श्वास सोडला, टेबलाखालून बाहेर पडल्यावर ही सोडायची तसा.

काचेपलीकडं ठमी उभी राहिली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या जरा उजवीकडं बघत होती. तिचं तोंड आठ वर्षांच्या पोरीचं झालं होतं. मी तिकडं वळून बघितलं नाही. माझ्यानं झालं नाही. तिनं पुढं होऊन तळहात काचेवर टेकला, आणि तो तिथंच ठेवला.

बाक अरुंद होता. मी डावीकडं सरकलो.